पाण्याचं पाण्याले

"तुम्ही आमच्यासाठी विहीर नाई बांधली, साहेब. तुम्ही नारूसाठी घर बांधलं. वरून त्याले पायऱ्या करून देल्ल्या, येता-जाता त्याचा पाय घसरू नये म्हणून!"

गोकुळा हे बोलली तेव्हा धानोऱ्याच्या कचेरीतून आलेल्या साहेबाच्या हातात नारळ होता आणि एका पायात बूट. दुसरा बूट पत्रू शिपायानं छातीशी धरला होता, जणू देवाचा टाक. नव्या विहिरीच्या तोंडाला आंब्याची पानं बांधली होती. फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालून बसला होता. आणि विहिरीत उतरायच्या पायऱ्यांवर, अगदी मधोमध, ढिवराची गोकुळा पदर खोचून बसली होती. उठायचं नावच घेत नव्हती.

येरंडबोडी हे गाव धानोऱ्याच्या जंगलात, सडकेपासून इतकं आत की पाहुणा आला तर कुत्रेही आधी चक्रावतात, मग भुंकतात. घरं अर्धी ढिवरांची, अर्धी कुणब्यांची. ढिवर तलावात मासे धरतात, कुणबी तलावाच्या पाण्यावर धान काढतात, आणि सगळे मिळून तलावाचंच पाणी पितात. तोच तलाव म्हशींचा, तोच धुण्याचा, तोच पोहण्याचा. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तेव्हा तलाव त्याचा होता, मालगुजारी गेल्यावर सरकारचा झाला. गावाचा तो कधी झालाच नाही. गावाच्या वाट्याला त्यातला नारू तेवढा आला.

नारू ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून समजत नाही, तरी सांगायलाच पाहिजे, कारण ज्यांनी पाहिला नाही तेच लोक विहिरी बांधतात. माणसाच्या मांसात एक किडा वाढतो. सुतासारखा बारीक, हातभर लांब. तो हळूहळू खाली सरकत जातो, पायात, घोट्यात, कधी गुडघ्यात. मग एक दिवस कातडीवर बोराएवढा फोड येतो. त्या फोडाची आग अशी, की निखारा कातडीच्या आतून ठेवलाय. फोड फुटला की किड्याचं पांढरं तोंड बाहेर दिसतं. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली, किडा तुटला, की आत राहिलेला तुकडा सडतो. पाय सुजतो, पू होतो, सांधा आखडतो. नेमका मोहफुलांच्या, तेंदूच्या, धानाच्या कामाच्या वेळेला अर्धं गाव पाय धरून ओसरीत पडलेलं असतं.

गोकुळाच्या नवऱ्याचं तेच झालं होतं. मनसाराम म्हणजे येरंडबोडीतला एक नंबरचा जाळंवाला. तो डोंग्यावर उभा राहून जाळं फेकायचा तेव्हा ते पाण्यावर परातीसारखं गोल पडायचं. मागल्या उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्यात नारू निघाला. अर्धा गुंडाळून झाला होता. तेवढ्यात तलावाचं पाणी आटलं, मोठी मासोळी एका डबक्यात गोळा झाली, आणि हा काडी कापडानं बांधून जाळं ओढायला गेला. किडा तुटला. गुडघा टरबुजासारखा झाला. पाय वाचला, पण वाकला तो वाकलाच.

आता तो दारात बसून दुसऱ्यांची जाळी विणायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, "माहा पाय सरकारी झाला, भाऊ. काम करत नाई, पन जागाही सोडत नाई."

लोक हसायचे. गोकुळा हसायची नाही.

ती त्याला बंडीत घालून धानोऱ्याच्या बाजाराला घेऊन गेली होती. त्या दिवशी तिथं फिरता डॉक्टर आला होता, तरुण, घामानं भिजलेला, आवाज बसलेला. त्यानं मनसारामचा पाय पाहिला, पू काढला, पट्टी बांधली आणि खरं तेच सांगितलं, की हा पाय सरळ व्हायचा नाही. मग त्यानं विचारलं, "पाणी कुठलं पिता?" गोकुळाच्या मडक्यात वाटेसाठी आणलेलं तलावाचंच पाणी होतं. डॉक्टरनं ते काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला उन्हात धरला.

"बघा बाई. नीट बघा."

पाण्यात पांढरे ठिपके होते. रव्याच्या कणाएवढे. आणि ते उड्या मारत होते.

डॉक्टरनं सांगितलं ते असं. नारूचा फोड पाण्यात बुडाला की किडा आपली पिलं पाण्यात सोडतो. त्या पिलांना हे ठिपके खातात. ठिपके आपण पितो. ठिपका पोटात मरतो, पिलू मरत नाही. ते वर्षभर आत वाढतं आणि पुढल्या उन्हाळ्यात पायातून बाहेर येतं. "औषध माझ्याजवळ नाही," तो म्हणाला. "कोणाजवळच नाही. पाणी दुहेरी कापडानं गाळून प्या. नारूवाल्याचा पाय पाण्यात जाऊ देऊ नका. आणि विहीर मागा. अशी विहीर, की जिच्यात दोरानं भांडं उतरेल, माणूस उतरणार नाही."

वाटभर गोकुळाच्या डोळ्यांपुढून ते ठिपके जात नव्हते. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती, आणि ती तिच्या घरातच राहत होती.

तिची सासू, ताराबाई. सासूला ती आत्या म्हणायची. नारू काढावा तर ताराबाईनं. पंचक्रोशीतले लोक तिच्याकडं यायचे. तुरीच्या काडीचा बोटभर तुकडा घ्यायची, फोडाच्या तोंडाशी तेल लावायची, आणि बोटं अशी चालवायची की किडा तिच्या हातून कधी तुटला नाही. पोटच्या पोराचा तुटला तोही तिच्या हातून नाही, त्याच्या हावरेपणानं. पण ताराबाईचा एक नेम होता. तिच्या सासूनं तिला दिलेला, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. नारू हा पाण्याचा जीव, तो पाण्यातून आला, माणसाच्या अंगात पाहुणा राहिला. म्हणून फोड आला की माणसाला आधी तलावावर न्यायचं, पाय पाण्यात सोडून बसवायचं, पाण्याची हाक ऐकू आली की नारू तोंड काढतो. आणि पुरा निघाला की काडीसकट तलावात सोडायचा. सोडताना म्हणायचं, "पाण्याचं पाण्याले."

आणि खरंच, पाय पाण्यात गेला की आग शांत व्हायची. माणसं सुस्कारा टाकायची. पाय पाण्यात सोडून बसलेल्या माणसाच्या पलीकडंच बाया घागरी भरायच्या.

घरी येऊन गोकुळानं डॉक्टरचं सगळं सांगितलं. ताराबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुह्या डॉक्टरनं किती नारू काढले?"

"त्यानं काढले नाई."

"मंग?"

दुसऱ्या दिवसापासून गोकुळा लुगड्याचा तुकडा दुहेरी करून पाणी गाळू लागली, तर शेजारीण आशाबाई कुंपणावरून ओरडली, "काऊन वं गोकुळा, पानी काय चहा हाये का, गाळून प्याले?"

"तुह्या पायात नारू निंगन तवा तू चहा पिऊन पाह्य, मंग सांगजो," गोकुळा म्हणाली आणि गाळत राहिली.

विहिरीसाठी मात्र तिनं गावाला गप्प बसू दिलं नाही. मासे विकायला जाईल तिथं विहिरीचं बोलायची. बाजारात, पटवाऱ्यापुढं, फॉरेस्टच्या नाक्यावर. शेवटी वरून हुकूम आला: गावानं श्रमदान करावं, दगड-चुना आणि ठेकेदार सरकार देईल. गाव खणायला लागलं. ढिवर आणि कुणबी पहिल्यांदाच एका खड्ड्यात उतरले. मनसारामला खड्ड्यात उतरता येत नव्हतं, तर तो काठावर बसून टोपल्यांचे दोर वळायचा आणि शिव्यांनी सगळ्यांना जोर द्यायचा. थंडी संपता संपता पाणी लागलं. गोड, गार, स्वच्छ पाणी. गोकुळानं पेल्यात घेऊन उन्हात धरलं. एकही ठिपका नाही. तिला रडू आलं, पण खड्ड्यात घाम आणि रडू सारखंच दिसतं, म्हणून कोणाला कळलं नाही.

मग मोहफुलं पडायला लागली आणि गाव जंगलात गेलं. गोकुळाही गेली. परत आली तर ठेकेदार घनश्याम बांधकाम संपवत आला होता, आणि विहिरीच्या एका अंगाला काठापासून पाण्यापर्यंत रुंद, चिरेबंदी, सुंदर पायऱ्या होत्या.

"हे काय?" ती म्हणाली.

"पायऱ्या," घनश्याम म्हणाला. "साहेब सोता पाहून गेले. त्याहीले जलपूजन कराचं हाये. खाली उतरून पाण्यात फुलं सोडतीन, त्याचा फोटो निंगन. आन गावातल्या बायाही खूष हायेत. विचार."

तिनं विचारलं. बाया खरंच खूष होत्या. दोर ओढून तळहात सोलायचे नाहीत, घागर काठावर आपटून फुटायची नाही. खाली उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची. तलावावर करतात तसंच. साऱ्या जन्माची सवय.

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" गोकुळा ओरडली. "पाय नाई गेला पायजे पान्यात! पाय!"

"तुहा डॉक्टर घागर भराले येते का?" आशाबाई म्हणाली, आणि बाया हसल्या.

आता पुन्हा त्या सकाळकडं. साहेबाच्या हातात नारळ, एका पायात बूट.

साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईटाशी भांडता येतं. हा हसरा होता. तो म्हणाला, "बाई, गैरसमज झाला तुमचा. पायऱ्या तुमच्याच गावकऱ्यांनी मागितल्या. लोकांची मागणी होती."

"आमची मागनी?" गोकुळा उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली. "आमी सडक मांगतली साहेब. दवाखाना मांगतला. शाळा मांगतली. तलाव आमच्या नावाचा करा म्हनून मांगतलं. ते सारं तुमाले आयकू नाई आलं. पायऱ्याच तेवढ्या बऱ्या आयकू आल्या?"

मागं उभा असलेला मुखरू सुतार खोकला. हसू दाबायचा त्याचा तोच उपाय होता. मनसाराम काठीवर रेलून उभा होता, त्यानं हसू दाबलंही नाही.

साहेबाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला ओलावा गेला. "हे बघा, मी लक्ष घालतो. आता मुहूर्त टळतोय."

"तुमी उतरा," गोकुळा बाजूला सरकली. "तुमच्या पायात नारू नाई. बुटात राह्यते तो पाय. तुमी उतरा, फुलं सोडा, फोटो काढा. पन तुमच्या मांगून जे उतरतीन त्याहीचं काय, ते सांगून जा."

साहेब उतरला. फुलं सोडली. फोटो निघाला. वर येऊन तो बोलला की देश पुढं चालला आहे आणि येरंडबोडीही देशाबरोबर चालली आहे. ज्या गावात अर्ध्या माणसांना चालता येत नव्हतं त्या गावापुढं तो हे बोलला. मग पत्रूनं बूट पुढं केला, जीप सुरू झाली, आणि धुळीत 'लक्ष घालतो' हे शब्द कुठं गेले ते कोणालाच दिसलं नाही.

जीप गेली आणि बाया घागरी घेऊन पुढं आल्या. गोकुळा पुन्हा पायऱ्यांवर आडवी झाली.

"उठ वं. साहेबाले सोडलं, आमाले अडवते?"

"लुगडं वर करा. घोटे दाखवा. ज्याच्या पायाले काई नाई ते उतरा."

"तू कोन आमचे पाय पायनारी?"

भांडण पेटलं असतं. पण तेवढ्यात किंकाळी आली, आणि ती गोकुळाच्या पोटातूनच आल्यासारखी तिला वाटली. प्रेमिला, तिची पोरगी, लग्नाच्या वयाला आलेली. सकाळपासून ओसरीत झोपून होती, ताप म्हणून. ती आता लंगडत, फरफटत, केस सुटलेले, अशी धावत येत होती. डाव्या घोट्याच्या वर फोड होता. टपोरा, तांबडा, चकाकणारा. मागल्या साली, कापडानं गाळायच्या आधी, ती जे पाणी प्याली होती ते आज बाहेर आलं होतं.

"माय वं! आग हून राह्यली! पान्यात जाऊ दे मले! पान्यात जाऊ दे!"

तलाव लांब होता. विहीर जवळ होती. पायऱ्या तयार होत्या.

पोरगी पायऱ्यांकडं झेपावली आणि गोकुळानं तिला कमरेतून धरलं. प्रेमिला लाथा झाडत होती. तिची नखं आईच्या दंडात रुतली, रक्त आलं. गोकुळानं सोडलं नाही. गाव बघत होतं. ज्या बाया आत्ता भांडत होत्या त्यांनी घागरी खाली ठेवल्या, कारण ती आग प्रत्येकीच्या घरात कोणीतरी भोगली होती.

ताराबाई गर्दीतून पुढं आली. "सोड पोट्टीले," ती म्हणाली. "कसाई हायेस का? तिचं पानी तिले बलावून राह्यलं. सोड. पान्याचं पान्याले जाऊ दे."

"कोनत्या पान्याले, आत्या?"

"काय कोनत्या?"

"पान्याचं पान्याले, म्हनता ना तुमी. कोनत्या पान्याले?" गोकुळा धापा टाकत होती, पोरगी छातीशी आवळलेली. "ह्या प्याच्याच पान्याले काऊन? घरी घंगाळात पानी हाये, तेही पानीच. चुलीवर पानी हाये, तेही पानीच. तुमच्या सासूनं सांगतलं होतं का, का तलावाचंच पायजे म्हनून? सांगतलं असन तं सांगा, मी आत्ता सोडतो हिले."

ताराबाई आठवत होती. सगळ्यांना दिसलं की म्हातारी आठवत होती, आपल्या सासूचं तोंड, तिचे शब्द. पाण्याचं पाण्याले. एवढंच. कुठलं पाणी, ते कोणी कधी म्हणालं नव्हतं, कारण गावात दुसरं पाणीच नव्हतं.

मनसाराम काठी टेकत पुढं आला. "बुढे," तो आईला म्हणाला, हसत नव्हता, "माहा पाय पाह्य. आन मंग पोट्टीचा पाय पाह्य."

ताराबाईनं वाकून त्या वाकड्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग नातीजवळ गेली, तिचं डोकं कुरवाळलं आणि सुनेला म्हणाली, "उचल. घरी ने. मोठं घंगाळ काढ. पानी कोमट कर, लय गरम नको."

घरी घंगाळात पाय बुडवला तेव्हा प्रेमिलाची किंकाळी हळूहळू हुंदका झाली. फोड फुटला. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं पांढरं काहीतरी पसरलं. ताराबाईनं घंगाळावर वाकून ते पाणी नीट पाहिलं. जन्मभर तिनं हे तलावात सोडलं होतं, तलावात ते दिसत नव्हतं. घंगाळात दिसलं.

"हे का त्याचे पिलं?" तिनं विचारलं.

"हाव, आत्या. डॉक्टर तेच म्हनत होता."

घंगाळ ताराबाईनं स्वतः उचललं. सुनेला तिनं हात लावू दिला नाही. चुलीवरच्या मोठ्या मडक्यात ते पाणी ओतलं, जाळ घातला, आणि पाणी खळखळून उकळेपर्यंत तिथंच बसून राहिली.

पुढं रोज तेच. रोज घंगाळ, रोज तेल, रोज तुरीच्या काडीला किडा बोट-दोन बोटं गुंडाळायचा, रोज पाणी उकळायचं. प्रेमिला दातात पदर धरून बसायची. मनसाराम तिला बाजारातल्या गोष्टी सांगायचा, म्हणायचा, "हलू नको पोट्टे, नाई तं माह्यासारखी सरकारी होशीन." एका दुपारी शेवटचं टोक सुटलं. ताराबाईनं काडी वर धरली. किडा लोंबत होता, पांढरा, निर्जीव दिसणारा, पण निर्जीव नसलेला. घराच्या दारात शेजारणी जमल्या होत्या. आशाबाईही होती.

ताराबाईनं काडी उकळत्या मडक्यात टाकली. आणि जन्मभर तलावाच्या काठावर म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "पान्याचं पान्याले."

मग शेजारणींकडं वळली. "काय पाहून राह्यल्या? ज्याच्या घरी फोड हाये त्यानं घंगाळ मांडा. जे बाई नारूवाल्याले तलावावर नाई तं हिरीवर नेईन, तिच्या घरचा नारू मी काढनार नाई. मंग बोलवा साहेबाले काढाले."

येरंडबोडीत ह्याच्याहून मोठा हुकूम कोणाचाच नव्हता. सरकारचाही नाही.

तरी पायऱ्या होत्याच. आणि गोकुळाला माहीत होतं, पायऱ्या असतील तोवर कधी ना कधी, कोणीतरी, आगीनं वेडं होऊन उतरणारच. तिची स्वतःची पोरगी उतरली असती. माणसाच्या शहाणपणावर सोडायची गोष्टच नव्हती ही. वाटच बंद पाहिजे होती. तिनं साहेबाकडं दोनदा निरोप धाडला. एकदा पत्रूकडून, एकदा पटवाऱ्याकडून. 'लक्ष घालतो' एवढंच परत आलं.

तेव्हा एका सकाळी, लख्ख उजेडात, ती टोपलं घेऊन विहिरीवर गेली आणि तलावाच्या पाळीवरचा, मातीच्या बांधावरचा, पहिला धोंडा तिनं आणून टाकला. दुपारपर्यंत सारं गाव आलं. पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी, पाण्याच्या लगत, मुखरू आणि कुणब्यांच्या पोरांनी दगडाची भिंत उभी केली आणि तिच्या मागं मुरूम भरत आले. काठावर ताराबाई पाट टाकून बसली होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा पाय ती आधी आपल्या मांडीवर घ्यायची, घोटा दाबून बघायची, पोटरी चाचपायची, गुडघ्यामागं बोट फिरवायची. मग म्हणायची, "जाय." दोघांना तिनं परत पाठवलं. त्यांना अजून स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आत काय आहे. ज्या बाईनं जलपूजनाच्या दिवशी विचारलं होतं, 'तू कोन आमचे पाय पायनारी', तिनं म्हातारीच्या मांडीवर निमूट पाय ठेवला.

मुखरूनं दोन खांब रोवले आणि दोरासाठी गडगडी बसवली. सागाला हात लावला असता तर जंगलखातं घरापर्यंत आलं असतं, म्हणून येनाच्या लाकडाचे खांब. गडगडी करकरायची. त्या करकरीला पोरं हसली. मनसारामनं वळलेला दोर पहिल्यांदा खाली गेला, भांडं भरून वर आलं, आणि कोणाचाही पाय ओला झाला नाही.

हे साहेबाला समजलं, ते मात्र लगेच. दोन निरोप कचेरीत हरवले होते, ही बातमी हरवली नाही. पत्रू आला, दारातच उभा राहिला, पाणी मागून प्याला आणि म्हणाला, "गोकुळाबाई, तुमाले बलावलं हाये धानोऱ्याले. सरकारी बांधकाम मोडलं म्हनून. साहेब लय तापले हायेत."

"पानी कसं लागलं, पत्रूभाऊ?"

"गोड हाये."

"मंग तेच सांगजो त्याहीले."

धानोऱ्याच्या कचेरीत गोकुळा गेली तेव्हा तिच्याबरोबर बंडीत मनसाराम होता, ताराबाई होती, प्रेमिला होती. प्रेमिला बंडीतून उतरली ती दोन्ही पाय सरळ टाकत. घोट्यावर वाळलेल्या जखमेची खूण होती, बाकी काही नाही. गाव मागून पायी आलं होतं आणि कचेरीपुढच्या चिंचेखाली बसलं होतं.

साहेब आज हसत नव्हता. टेबलावर तो फोटो होता: पायऱ्या, फुलं, साहेब. वरती पाठवायचा होता, आणि आता त्या फोटोतली जागाच उरली नव्हती.

"सरकारी काम मोडणं गुन्हा आहे, माहीत आहे?" तो म्हणाला. "मला नाव पाहिजे. पायऱ्या कोणी बुजवल्या? सारं गाव म्हणू नका. एक नाव सांगा."

"गोकुळा मनसाराम," ती म्हणाली. "लिवा."

साहेब थांबला. इतक्या लवकर नाव मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. "तुम्हाला त्या परत मोकळ्या कराव्या लागतील. तुमच्या हातानं."

"करतो."

मनसारामनं चमकून बायकोकडं पाहिलं. ताराबाईनं काठी आपटली.

"करतो मी मोकळ्या," गोकुळा म्हणाली. ती टेबलाच्या इतकी जवळ आली की पत्रूला मधे यावंसं वाटलं, पण तो आला नाही. "मीनंच धोंडे टाकले, मीच काढतो. कायद्याच्या बाहेर नाई जात मी. तुमी नाव मांगतलं, मी नाव देल्लं, एका दमात. आता मलेही एक नाव पायजे. पायऱ्या मोकळ्या केल्या का त्याच्यावरून कोनीतरी उतरन. आगीनं तळमळून उतरन, पान्यात पाय टाकन, आन त्याचं पानी बाकीचे पितीन. पुढल्या साली अजून एक गुडघा वाकडा होईन. हा पाय," तिनं मनसारामच्या पायाकडं बोट केलं, "तं गेला. हा," तिनं प्रेमिलाकडं बोट केलं, "आमी वाचवला, तुमी नाई. मंग आता कोनाचा? तुमाले पायऱ्या पायजेत ना? तं सांगा साहेब, कोनाच्या पायासाठी पायजेत? तुमीच म्हनले ना, सारं गाव म्हनू नका. मंग तुमीही म्हनू नका. एक नाव सांगा."

साहेबानं फोटो उचलला, पुन्हा ठेवला.

"मी उभी हाये," गोकुळा म्हणाली. "सांगा."